गाडीला उगाच रेस देऊ नये, ती का?

हुडकेश्वरहून आम्ही बोलतोय. आमच्यापैकी कितीतरी घरी गाडी हप्त्यावर आहे. पोरं मात्र सकाळी गाडी उभी ठेवून जोरात रेस देतात, म्हणे इंजिन मोकळं होतं! मोकळं नाही, झिजतं. रात्रभर ऑइल खाली बसलेलं असतं, ते वर पोचायला थोडा वेळ लागतो. शिवाय हे इंजिन वाऱ्याने थंड होतं. उभ्या गाडीला वारा कुठला, त्यात आपला नागपूरचा मे महिना.

१०० सीसीची गाडी पूर्ण जोर लावते तेव्हा इंजिन मिनिटाला सुमारे ८००० फेरे घेतं, म्हणजे पिस्टन सेकंदाला १३० वेळा वरखाली. त्याच्या फार पुढे गेलं की व्हॉल्व्हची स्प्रिंग मागे पडते आणि उघड्या व्हॉल्व्हवर पिस्टन आदळू शकतो. मग इंजिनच खोलायचं.

काही गाड्यांत जादा रेस रोखायची सोय असते. पण वेगात चौथ्या गिअरवरून एकदम पहिल्यावर आणून क्लच सोडला, तर मागचं चाकच इंजिनाला फिरवतं. तिथे ती सोय चालत नाही. वेग कमी करत एकेक गिअर उतरवायचा. स्कूटीवाल्यांना ही भीती नाही, पण सकाळची रेस त्यांनीही देऊ नये.