पाणी वाढवलं होतं

लष्करात माझी उमेदीची वर्षं वाहनांच्या दुरुस्तीत गेली. निवृत्तीनंतर ओडिशातल्या एका पोलाद कारखान्यात सुरक्षा विभागात लागलो. आज सांगतोय ती तिथल्या एका चौकशीची गोष्ट. चौकशी अधिकारी मीच होतो.

सतत ओतकामात पंधराशे अंशांहून गरम पोलाद तांब्याच्या साच्यात वरून पडतं आणि खालून अखंड दांडा होऊन निघतं. साच्याबाहेर येताना त्याची जेमतेम दीड-दोन सेंटीमीटर साल गोठलेली असते, आत सगळा रस. पुढे पाण्याचे फवारे ती साल वाढवत नेतात.

एका रात्रपाळीचे बिलेट कापले, तर आत तडे. मी म्हटलं, पाणी कमी पडलं. ऑपरेटरचा पगार कापावा अशी शिफारस लिहून सही ठोकली. तो एवढंच म्हणाला, "साहब, पानी तो बढ़ाया था."

दुसऱ्या दिवशी एक तरुण इंजिनिअर लॅपटॉप घेऊन आली. "सर, पाच मिनिटं द्याल?"

तिचं मॉडेल समजायला मला तासभर लागला, पण त्यात गूढ काही नाही. दांड्याचा एक पातळ काप धरायचा, तो ओतण्याच्या वेगाने खाली सरकतोय असं मानायचं. क्षणाक्षणाला कुठला थर किती अंशांवर आहे ते काढायचं, आणि त्यावरून तो किती ताणला गेला ते. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात कीथ ब्रिमाकोम यांच्या गटाने १९७०च्या दशकात असे तडे याच वाटेने उलगडले होते.

तडा कुठे पडला हे तर कागदावरही निघतं. साल वेळेच्या वर्गमुळाने वाढते. आमच्याकडे पहिल्या मिनिटात साधारण २६ मिलिमीटर. तड्याचं आतलं टोक ३९ मिलिमीटरवर होतं, म्हणजे दीडपट साल, म्हणून सव्वादोन मिनिटं. वेग मिनिटाला २ मीटर. साच्यातल्या पातळीपासून साडेचार मीटर खाली!

तिथे काय होतं? फवाऱ्यांची शेवटची ओळ. जाऊन पाहिलं, तर निम्मी नॉझलं क्षाराने बुजलेली. वर भरपूर पाणी आणि इथे एकदम खंड. फवारा तुटला की आतली उष्णता बाहेर येते, पृष्ठभाग पुन्हा तापतो आणि फुगतो. आतला नुकता गोठणारा थर त्याच्याबरोबर ओढला जातो. त्याच्या कणांमध्ये अजून द्रवाचा पापुद्रा असतो, ताण सोसायची ताकद नसतेच. तिथेच तो फाटतो.

थोडक्यात, वरचं पाणी वाढवल्याने ही तफावत उलट वाढली होती. आणि पाणी वाढवायचा तोंडी हुकूम? तो आदल्या आठवड्यात मीच दिला होता.

शिफारस मागे घेतली. पगार मात्र तोवर कापला गेला होता. तो परत मिळवायला कागदोपत्री दोन महिने गेले. नॉझलं साफ करायला एक पाळी पुरली.