1940 च्या दशकातल्या धावा किती खऱ्या?

रणजी करंडकाच्या विक्रमांची जुनी यादी वर्षांच्या क्रमाने लावली, तर 1940 ते 1949 या दहा वर्षांत एक मोठा फुगवटा दिसतो. 1943-44 च्या मोसमात विजय मर्चंट यांनी मुंबईकडून महाराष्ट्राविरुद्ध नाबाद 359 धावा केल्या. 1945-46 मध्ये होळकर संघाने म्हैसूरविरुद्ध 8 बाद 912 अशी धावसंख्या उभारली आणि त्या एका डावात सहा जणांनी शतके काढली. मार्च 1947 मध्ये बडोद्याच्या विजय हजारे आणि गुल महंमद यांनी होळकर संघाविरुद्धच्या अंतिम सामन्यात चौथ्या गड्यासाठी 577 धावांची भागीदारी केली. प्रथम श्रेणीच्या क्रिकेटमध्ये कोणत्याही गड्यासाठी तेवढी मोठी भागीदारी त्यानंतर 2006 पर्यंत झाली नाही. डिसेंबर 1948 मध्ये पुण्यात भाऊसाहेब निंबाळकर यांनी काठियावाडविरुद्ध नाबाद 443 धावा केल्या. भारतीय खेळाडूची त्याहून मोठी प्रथम श्रेणी खेळी अजून झालेली नाही. तीन महिन्यांत पुण्यातच मुंबई आणि महाराष्ट्र यांचा उपांत्य सामना झाला. त्यात दोन्ही संघांनी मिळून 2376 धावा केल्या आणि नऊ शतके झळकली. एवढे मोठे आकडे एकाच दशकात दाटले म्हणजे त्यामागे फलंदाजांच्या गुणांपेक्षा वेगळे काहीतरी असले पाहिजे, अशी शंका कोणालाही यावी, आणि ती रास्त आहे.

शंकेच्या बाजूने बोलायचे तर पुरावा भरपूर आहे. 1936 नंतर 1946 पर्यंत भारत एकही कसोटी सामना खेळला नाही. युद्धामुळे दौरे बंद होते, त्यामुळे आपले फलंदाज आपल्याच गोलंदाजांना पुन्हा पुन्हा खेळत राहिले आणि त्यांच्या खोड्या त्यांना पाठ झाल्या. रणजी स्पर्धेचे शेवटच्या टप्प्यातले सामने निकाल लागेपर्यंत चालत. वेळेची टंचाई नसली की डाव घोषित करण्याची घाई कशाला? 1949 च्या त्या उपांत्य सामन्यात मुंबईने पहिल्या डावात 651 धावा करून महाराष्ट्राला 407 वर रोखले, तरी दुसऱ्या डावात आणखी 714 धावा जमवल्या. पुढे महाराष्ट्राने 604 धावा करूनही सामना 354 धावांनी गमावला. माधव मंत्री यांचे द्विशतक झाले, उदय मर्चंट, दत्तू फडकर आणि मधुसूदन रेगे या तिघांनी दोन्ही डावांत शतके केली. माणूस सावलीत बसून धावफलक बघत असेल तर हे मोठे आनंदाचे. पण गोलंदाजाची बाजू घेऊन पाहिले तर तो सामना म्हणजे कष्टाची वेठ होती. त्या सामन्यातल्या शतकांचे मला फार कौतुक वाटत नाही, हे इथेच सांगून टाकतो. जिथे नऊ वेळा ताट भरते, तिथे दहाव्या वेळी भूक किती होती ते कळत नाही.

पण यावरून ‘त्या दशकातल्या सगळ्याच धावा स्वस्त’ असा निकाल देणारे लोक एक सोपी गोष्ट विसरतात. धावफलकावर एकट्या फलंदाजाचा आकडा नसतो. त्याच खेळपट्टीवर, त्याच दिवसांत, त्याच गोलंदाजांपुढे इतरांनी काय केले तेही तिथेच लिहिलेले असते. ते वाचले की स्वस्त धाव आणि महाग धाव वेगळी काढता येते. 1943-44 च्या पंचरंगी स्पर्धेचा अंतिम सामना घ्या. हे सामने धर्मावरून पाडलेल्या संघांत व्हायचे. हजारे ख्रिस्ती असल्यामुळे ते ‘रेस्ट’ म्हणजे उरलेल्यांच्या संघातून खेळत. हजारे यांनी त्या स्पर्धेत आधीच 248 धावांची खेळी केली होती. मर्चंट यांनी अंतिम सामन्यात हिंदू संघासाठी नाबाद 250 धावा करून तो आकडा मागे टाकला. हिंदूंनी 5 बाद 581 वर डाव सोडला. रेस्टचा पहिला डाव 133 धावांत आटोपला, फॉलोऑन मिळाला आणि दुसऱ्या डावात त्यांनी 387 धावा केल्या. त्यात 309 एकट्या विजय हजारे यांच्या होत्या. त्यांनी आपला भाऊ विवेक याच्याबरोबर 300 धावांची भागीदारी केली आणि तीत विवेकचा वाटा 21 धावांचा होता. रेस्टचा संघ अखेर एक डाव आणि 61 धावांनी हरला. मुंबईची ब्रेबॉर्न स्टेडियमची खेळपट्टी फलंदाजांचे माहेर होती असे म्हणणाऱ्याने या 387 मधून 309 वजा करून पाहावे. दहा जण आणि अवांतर धावा मिळून 78 उरतात. खेळपट्टी सगळ्यांना सारखीच होती. धावा मात्र एकाच माणसाला सापडल्या.

निंबाळकरांच्या पुण्यातल्या खेळीलाही हीच फूटपट्टी लावता येते. काठियावाडचा पहिला डाव 238 धावांत संपला होता. म्हणजे खेळपट्टीवर चेंडू मुळीच काही करत नव्हता, असे नाही. त्यानंतर महाराष्ट्राने 4 बाद 826 धावा केल्या. भांडारकरांनी 205 धावा केल्या आणि निंबाळकरांबरोबर दुसऱ्या गड्यासाठी 455 धावांची भागीदारी रचली. निंबाळकर 494 मिनिटे खेळले, 49 चौकार आणि एक षटकार मारला. चौकार-षटकारांच्या धावा 202 होतात, म्हणजे उरलेल्या 241 धावा त्यांनी पळून काढल्या. आठ तासांहून जास्त वेळ उभे राहून 241 धावा पळणाऱ्या माणसाला केवळ काठियावाडच्या दुबळ्या गोलंदाजीने हात दिला, असे म्हणणे मला जड जाते. आणि गोलंदाजी दुबळी होती हे मान्य केले तरी ब्रॅडमनच्या 1930 च्या नाबाद 452 धावा क्वीन्सलँडविरुद्धच्या होत्या. त्या गोलंदाजीची चौकशी आपण कधी करत नाही.

घरच्या धावा घरातच तपासून भागत नाही, हा आक्षेप मात्र योग्य आहे. त्याला उत्तर म्हणून दोन नोंदी पुरे आहेत. युद्ध संपल्यावर 1946 मध्ये भारताचा संघ इंग्लंडला गेला, तेव्हा तिथला उन्हाळा पावसाळी होता. ओल्या खेळपट्ट्यांवर मर्चंट यांनी प्रथम श्रेणी सामन्यांत 74.53 च्या सरासरीने 2385 धावा केल्या. जानेवारी 1948 मध्ये ॲडलेडला ऑस्ट्रेलियाने 674 धावांचा डोंगर उभा केला. भारताचा पहिला डाव 381 आणि फॉलोऑननंतरचा 277 धावांचा. सामना एक डाव आणि 16 धावांनी गेला. पण हजारे यांनी एका डावात 116 आणि दुसऱ्यात 145 धावा केल्या. समोर लिंडवॉल आणि मिलर होते, आणि लिंडवॉलने दुसऱ्या डावात 38 धावांत 7 गडी बाद केले होते. घरच्या मैदानावर ज्याला ‘धावांचा कारखाना’ म्हणून हिणवायचे, तोच माणूस परक्या मैदानावर हरत्या संघातून दोन शतके काढतो, तेव्हा त्याच्या घरच्या धावांकडेही पुन्हा पाहावे लागते.

फलंदाजांच्या बाजूने इतके बोलल्यावर गोलंदाजांचाही एक विक्रम सांगायला हवा, कारण तो कोणी सांगत नाही. 1944-45 च्या अंतिम सामन्यात मर्चंट यांनी मुंबईसाठी 278 धावा केल्या, आणि युद्धामुळे महूच्या छावणीत असलेले डेनिस कॉम्प्टन होळकर संघाकडून नाबाद 249 धावा करून गेले. त्याच सामन्यात होळकरांच्या सी. एस. नायडू यांनी 152.5 षटके म्हणजे 917 चेंडू टाकले, 428 धावा दिल्या आणि 11 गडी बाद केले. ज्या दशकातले मोठे डाव आपण मिरवतो, त्या डावांची किंमत कोणी मोजली, हे त्या 917 चेंडूंवरून कळते.

आकड्यामागची परिस्थिती आकड्याइतकीच महत्त्वाची, हा मुद्दा आपल्यापुरता नाही. अमेरिकेत त्याच दशकात, 1941 मध्ये, टेड विल्यम्सने बेसबॉलमध्ये दर हजार अधिकृत संधींमागे 406 अचूक फटके अशी सरासरी राखली आणि ज्यो डिमॅजिओने सलग 56 सामन्यांत फटका मिळवला. ते विक्रम पवित्र मानले गेले. पण त्या लीगमध्ये कृष्णवर्णीय खेळाडूंना प्रवेश नव्हता. तो जॅकी रॉबिन्सनला 15 एप्रिल 1947 रोजी मिळाला. त्याआधी तीन महिने जॉश गिब्सन हा त्यांच्या वेगळ्या लीगमधला थोर फलंदाज वारला होता. 2024 मध्ये मेजर लीगने त्या वेगळ्या लीगच्या नोंदी आपल्या वहीत घेतल्या आणि गिब्सनची 1943 ची 466 ही एका मोसमातली सर्वोच्च सरासरी ठरली. विल्यम्सचे फटके खोटे ठरले नाहीत. फक्त त्याच्या समोर कोण उभा राहू शकला नव्हता, हे नोंदीत आले.

आपल्याकडे दार वेगळ्या पद्धतीने अडत होते. त्या काळात क्रिकेटवर पोट भरणारा खेळाडू संस्थानाच्या फौजेत, दरबारात किंवा रेल्वेत नोकरीला असायचा, आणि नोकरी जिथे तिथला संघ. हजारे महाराष्ट्र, मध्य भारत, बडोदा असे फिरले. निंबाळकर महाराष्ट्र, बडोदा, होळकर आणि रेल्वे या संघांतून खेळले. ज्या संस्थानाला संघ पोसता येत नव्हता, तिथला मुलगा कुठे जाणार? जंजिरा संस्थानाचा रणजी संघ नव्हता. 1948 मध्ये ते मुंबई प्रांतात विलीन झाले. त्याच वर्षाच्या शेवटी पुण्याच्या मैदानावर राजकोटचे ठाकोरसाहेब काठियावाडचे कर्णधार होते आणि ते आपल्या राजेपणाने वागले. तिसऱ्या दिवशी सुट्टीत निंबाळकर 443 वर नाबाद असताना त्यांनी सामना सोडून दिला. ब्रॅडमनचा विश्वविक्रम नऊ धावांवर होता. ठाकोरसाहेबांना दोष देणे सोपे आहे. पण महाराष्ट्र तेव्हा 588 धावांनी पुढे होता आणि डाव घोषित होत नव्हता. खेळ निकालासाठी नसून आकड्यासाठी चालला असेल, तर समोरच्या अकरा जणांनी किती वेळ पळायचे? निंबाळकरांना आपण विक्रमाजवळ आहोत हे आधी ठाऊकही नव्हते, असे सांगतात. तसे असेल तर त्यांच्या वाटच्या नऊ धावांपेक्षा मला दुसरी गोष्ट जास्त खटकते. त्याच मोसमात वेस्ट इंडीजचा संघ भारतात पाच कसोटी सामने खेळत होता. त्या मालिकेत निंबाळकरांना घेतले गेले नाही, आणि पुढेही एकही अधिकृत कसोटी सामना त्यांच्या वाट्याला आला नाही.