अर्ध्या सावलीतली पट्टेरी पाने



संघटनेच्या माणसाने वेतनकरार सोडून कुंड्यांवर बोलावे, याचे काहींना नवल वाटले असेल. आमच्या युनियनची कचेरी एका चाळीच्या तळमजल्यावर आहे. पुढच्या अंगणात सकाळी दोन तास ऊन येते. मग दिवसभर सावली. अशा जागी फुलझाडे रुसतात. थंड मुलखातले लोक तेथे पट्टेरी पानांचा होस्टा लावतात. तो जपान, कोरिया, चीनकडचा. त्याला हिवाळ्यात कडाक्याच्या थंडीची विश्रांती लागते, ती आपल्याकडे कोठली? तेव्हा आम्ही मनीप्लँट आणि कॅलेडियम म्हणजे रंगीत अळू, यांवर भागवले.

पानावरचा पांढरा पट्टा म्हणजे काय? तेथे हरितद्रव्य जवळजवळ नसते. शाळेत मुले पट्टेरी पानाचा रंग काढून त्यावर आयोडीन टाकतात. हिरवा होता तो भाग निळाकाळा होतो, पांढरा होत नाही; कारण तेथे पिष्ट तयारच झालेले नसते. पांढरा भाग हिरव्याच्या कमाईवर जगतो. हे वाचले आणि आम्हांला मालक-मजुराचा आयता दृष्टान्त सापडला. दोन-तीन गेटमीटिंगांत तो आम्ही वापरलाही, टाळ्याही घेतल्या!

झाडाने मात्र आमची फजिती केली. मनीप्लँटला एक निव्वळ हिरवी फांदी फुटली. ती छाटायला आमचा हात होईना. कष्टकऱ्याची फांदी ना ती! हिरवी फांदी कमावते जास्त, म्हणून वाढतेही जोमाने. एका पावसाळ्यात सगळी कुंडी साधी हिरवी झाली. मग आम्ही दुसऱ्या टोकाला गेलो. सर्वांत पांढरा फाटा निवडून लावला. त्याने मुळे धरली, दोन पाने काढली, आणि तो वाळला. कमावणारे कोणी नव्हतेच.

आता आम्ही फाटा घेतो तो हिरवे-पांढरे दोन्ही असलेल्या पानाचा, पेऱ्यासकट. निव्वळ हिरवी फूट दिसली की बुडापासून काढतो. कुंडी फार अंधारात ठेवली तर नवी पाने हिरवी होऊन पट्टे पुसट होतात. दुपारच्या उन्हात ठेवली तर पांढरा भाग आधी करपतो. सकाळचे कोवळे ऊन पुरे.

रंगीत अळूची तऱ्हा निराळी. त्याचा कंद पावसाळ्याच्या तोंडी फुटतो आणि हिवाळ्यात पाने टाकून झोपतो. तेव्हा पाणी घालत राहिले तर कुजतो. आमच्या एका सहकाऱ्याने झाड मेले म्हणून कुंडीच उकिरड्यावर रिकामी केली. जूनमध्ये उकिरडा रंगला. आणखी एक सांगतो, कारण यात जिवाला त्रास आहे : हे अळू भाजीचे नव्हे. त्याने तोंड-घसा भयंकर चरचरतो, सुजतो. कुंडी पोरांच्या हाती लागेल अशी ठेवू नका.

दाराशी बादलीत मनीप्लँटचे फाटे ठेवले आहेत. जाताना एकेक घेऊन जा. अगदी पांढरे आम्ही आधीच वगळले आहेत.