वाटेवरचे गाव आणि शय्यातराचा धर्म
(सुवर्णमहोत्सवानिमित्त आयोजित व्याख्यानाची संहिता)



कार्तिकी पौर्णिमा सरली की साधू-साध्वींची पावले पुन्हा रस्त्याला लागतात. चातुर्मासाचे वर्णन समाजात पुष्कळ होते. प्रवेशाची शोभायात्रा, प्रवचने, तपश्चर्या, पारणी यांच्या वृत्तांतांनी स्मरणिकांची पाने भरून जातात, आणि ते योग्यही आहे. त्यानंतरच्या आठ महिन्यांविषयी मात्र फारसे बोलले जात नाही. शास्त्रात ‘नवकल्पी विहार’ म्हटले आहे; आठ महिन्यांचे आठ कल्प आणि चातुर्मासाचा एक. या आठ महिन्यांतील कितीतरी रात्री तीर्थक्षेत्रीही जात नाहीत आणि महानगरातील संगमरवरी उपाश्रयातही जात नाहीत. पुण्याहून कोल्हापूरकडे निघालेल्या साधुसमुदायाला दररोज पंधरा-वीस किलोमीटर चालून शिरवळ, भुईंज, उंब्रज, पेठ अशा गावांच्या आसपास कोठेतरी पाठ टेकावी लागते. त्या एका रात्रीचा विचार आजच्या विषयात करावयाचा आहे.

महाराष्ट्राला पायी यात्रा नवी नाही. आळंदीहून निघालेल्या पालखीचे जेजुरी, वाल्हे, लोणंद, तरडगाव, फलटण हे मुक्काम ठरलेले आहेत. कोणत्या तिथीला पालखी दारात येणार हे त्या गावातील लहान मूलही सांगू शकते. साधूंच्या विहाराचे तसे नाही. प्रकृती, ऊन, रस्ता, वाटेतील एखाद्या वृद्ध साध्वींचे दुखावलेले गुडघे, यांवर मुक्काम ठरतो. ज्याच्या येण्याची तिथी नाही तो अतिथी, ही व्युत्पत्ती येथे अक्षरशः लागू पडते. श्रावकाच्या बारा व्रतांपैकी शेवटचे अतिथिसंविभाग हे व्रत खऱ्या अर्थाने कसोटीला लागते ते अशा वाटेवरच्या गावात.

त्या गावात सायंकाळी काय घडते? निरोप आलेला असतो किंवा नसतो. श्वेतांबर साध्वी आल्या असतील तर उतरण्याच्या जागेचे निरीक्षण होते, ओघ्याने जमीन हळुवार प्रमार्जित होते, वस्त्र-पात्रांचे पडिलेहण होते. तापवलेले पाणी आहे की नाही, हा गृहिणीचा पहिला प्रश्न. त्या पाण्याचाही काळ ठरलेला आहे: उन्हाळ्यात पाच प्रहर, हिवाळ्यात चार, पावसाळ्यात तीन. सूर्यास्तापूर्वी आहार-पाणी आटोपले पाहिजे. त्यानंतर थेंबही नाही. दिगंबर मुनिराज असतील तर त्यांचा आहार दिवसातून एकदाच, उभ्याने, हाताच्या ओंजळीत झालेला असतो. सायंकाळी त्यांना लागते ती केवळ निवाऱ्याची जागा, एखादी लाकडी फळी, चटई किंवा गवत. मग प्रतिक्रमण. दिव्याची अपेक्षा नाही, पंख्याची नाही. गावातील एखादा शेजारी बल्ब लावावयास धावतो आणि त्याला नम्रपणे थांबवावे लागते. ही विनंती अनेक गावांत थट्टेचा नव्हे, तर आदराचा विषय झालेली आहे, हे विशेष.

आता मूळ मुद्दा. साधूला राहण्यास जागा देणाऱ्याला आगमात ‘शय्यातर’ म्हणतात. शय्या म्हणजे वसती. ती देऊन तरून जाणारा तो शय्यातर. दहा प्रकारच्या कल्पांत शय्यातरपिंडाचा त्याग सांगितला आहे, आणि ही दहा नावे श्वेतांबर व दिगंबर या दोन्ही परंपरांना परिचित आहेत. या त्यागाचा अर्थ असा की, ज्याने जागा दिली त्याच्या घरचा आहार साधूने घ्यावयाचा नाही. प्रथमदर्शनी हे विचित्र वाटते. ज्याने घर उघडले त्याच्याच ताटाकडे पाठ फिरवायची? परंतु प्राचीन भाष्यकारांनी दिलेल्या कारणांपैकी एक फार व्यावहारिक आहे. जागा देणाऱ्यावरच भोजनाचाही भार पडू लागला, तर पुढच्या वेळी तो जागा देण्यास कचरेल आणि वसती दुर्मीळ होईल. म्हणजे यजमानाला थकवू नये, ही चिंता साधूच्या आचारातच गुंफलेली आहे. जागेचे मालक अनेक असतील, तर त्यांतील एकाला शय्यातर मानून इतरांकडून आहार घेता येतो, इतका सूक्ष्म विचार बृहत्कल्पात झालेला आहे.

हा नियम एका गोष्टीवर उभा आहे. गावात घरे अनेक असावीत. एकाने जागा द्यावी, दुसऱ्याने आहार द्यावा, तिसऱ्याने पुढच्या गावापर्यंत सोबत करावी. आज नेमके तेथेच अडते आहे. २०११ च्या जनगणनेनुसार देशातील सुमारे ४४.५ लाख जैनांपैकी जवळपास १४ लाख महाराष्ट्रात होते, आणि देशभरातील जैनांपैकी सुमारे ऐंशी टक्के शहरांत राहत होते. बाजारपेठेच्या गावातील पेढी बंद झाली, मुले पुण्या-मुंबईस शिकली आणि तेथेच राहिली, मागे वृद्ध दांपत्य उरले, ही कथा येथे बसलेल्या अनेकांच्या घरची आहे. ज्या गावात एकच घर उरले तेथे त्या घराने काय करावे? जागा दिली तर आहाराचा लाभ गेला. आहार द्यावा तर जागा दुसऱ्याची पाहावी लागते. म्हणून पुष्कळ ठिकाणी शाळेची खोली किंवा ग्रामपंचायतीचे समाजमंदिर मागून घेतले जाते आणि त्या एकुलत्या घराला सुपात्रदानाचे पुण्य मिळते.

यात्रेच्या इतिहासात ही वाटेवरची गावे सहसा नावाने येत नाहीत. येतात ती बहुधा संकटाच्या प्रसंगी. गुजरातचा महामंत्री वस्तुपाल आजारी असताना शत्रुंजयाकडे निघाला आणि इ. स. १२४० च्या सुमारास वाटेतील अंकेवालिया या गावी त्याने देह ठेवला. ज्याने अबूवर आणि गिरनारवर मंदिरे उभारली, त्याची अखेरची वसती एका आडगावात झाली. इ. स. १६०४ मध्ये हिरानंद मुकीम यांनी सम्मेदशिखरजीचा मोठा संघ काढला. कवी बनारसीदासांचे वडील खरगसेन त्या संघात होते, आणि परतताना वाटेतील दूषित पाण्याने अनेक यात्रेकरू आजारी पडल्याचे बनारसीदासांनी ‘अर्धकथानका’त नोंदविले आहे. मुक्कामाचे गाव चुकले, पाणी चुकले, की यात्रेचे काय होते याचा हा चारशे वर्षांपूर्वीचा दाखला.

दिगंबर परंपरेतील उदाहरण अधिक जवळचे आहे. चारित्रचक्रवर्ती आचार्य शांतिसागर महाराजांचा संघ १९२७ मध्ये कुंभोज-बाहुबलीहून शिखरजीकडे पायी निघाला आणि नागपूरमार्गे १९२८ मध्ये तेथे पोहोचला. सूर्यास्तानंतर पाऊल टाकावयाचे नाही, हा मुनींचा नियम. त्यामुळे गाव असो वा माळरान, मावळतीला जे स्थान येईल तेच मुक्कामाचे. ज्या प्रदेशात कित्येक पिढ्यांनी दिगंबर मुनी पाहिलेही नव्हते, तेथे हे मुक्काम झाले. या यात्रेचे वर्णन करताना नागपूरसारख्या शहरांतील स्वागताचाच उल्लेख होतो. प्रत्यक्षात यात्रा पार पडली ती मधल्या गावांच्या सौजन्यावर.

अलीकडे महामार्गांलगत विहारधामे उभी राहिली आहेत. स्वच्छ खोल्या, शुद्ध पाणी, सोबत करणारे तरुण. त्यांची आवश्यकता निर्विवाद आहे. रुंद झालेल्या रस्त्यांवर पहाटेच्या अंधुक प्रकाशात चालणाऱ्या साधू-साध्वींचे अपघात झाले आहेत. चमकणारे पट्टे घालून पुढे-मागे चालणारी युवक मंडळे जे काम करीत आहेत त्याचे मोल शब्दांत होणार नाही. तथापि विहारधाम बहुधा गावाबाहेर असते. तेथे उतरलेला साधुसमुदाय गावाला दिसत नाही, गाव त्यांना दिसत नाही. रात्री ओसरीवर बसून एखाद्या शेतकऱ्याने व्यसन सोडण्याचा नियम घेतला, शाळेतल्या मुलांनी ‘तुम्ही चप्पल का घालत नाही’ असे विचारले, असे प्रसंग भिंतीच्या आत घडत नाहीत. रस्त्याची सुरक्षितता हवीच. पण त्यासाठी गाव सोडून देणे हा सौदा महाग आहे. ट्रस्टांनी विहारधामाच्या बांधकामाला जितका निधी दिला, त्याचा अल्प अंश गावातील जुन्या उपाश्रयाचे छप्पर शाकारण्यास आणि किल्ली सांभाळणाऱ्या वृद्ध दांपत्याच्या मदतीला दिला, तर एकाच मार्गावर दोन्ही नांदू शकतील. कोणत्या गावात किल्ली कोणाकडे आहे, पाणी कोण तापवील, फळ्या कोठे मिळतील, एवढी साधी वही जरी प्रत्येक तालुक्यात ठेवली गेली तरी पुष्कळ काम होईल.

आणि शय्यातर जैनच असला पाहिजे असे शास्त्र म्हणत नाही. ज्याच्या अधिकारात जागा आहे आणि जो ती देतो, तो शय्यातर. शाळेची खोली उघडून देणारे मुख्याध्यापक मराठा असोत, धनगर असोत वा मुसलमान, त्या रात्रीपुरते शय्यातर तेच. त्यांच्या घरचा घास घेतला जात नाही, याचे कारण त्यांना समजावून सांगितले, तर त्यांना वाईट वाटत नाही. उलट आपल्याला एक पदवी मिळाल्याचा आनंद होतो.

पहाटे निघण्यापूर्वी आणखी एक नियम पाळावा लागतो. अंथरुणासाठी मागून आणलेली फळी, गवत, चटई, जे ज्याचे त्याला परत केल्यावाचून गाव सोडावयाचे नाही. म्हणून प्रतिक्रमण, पडिलेहण आटोपून उजाडू लागताच फळ्या सुताराच्या दारी, चटया शाळेत, गवत गोठ्यात परत पोहोचते. मुख्याध्यापकांना धर्मलाभ सांगितला जातो, खोलीचे दार ओढून घेतले जाते, आणि मग पावले पुढच्या गावाच्या दिशेने निघतात.