आजीकडे जाताना बूट कशाला?

(दहावी १९९६च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण. बोलले तसंच, थोडं नीटनेटकं करून दिलं आहे.)



तीस वर्षांनी या हॉलमध्ये आल्यावर पहिली गोष्ट लक्षात आली ती ही, की आपलं स्टेज फारच बुटकं आहे. वक्तृत्व स्पर्धेच्या वेळी ते चांगलं उंच वाटायचं. तेव्हा इथे उभं राहिलं की पाय लटपटायचे. आजही लटपटताहेत. शाळेतलं काहीतरी अजून टिकून आहे म्हणायचं.

संयोजकांनी मला ‘आयटी क्षेत्रातील वाटचाल’ असा विषय दिला होता. ही वाटचाल म्हणजे वीस-बावीस वर्षं खुर्चीत बसून राहणं. त्यावर दहा मिनिटं ऐकायची शिक्षा मी तुम्हाला देणार नाही. त्याऐवजी एक जुनी उधारी फेडते. मी २०२२ मध्ये पुण्याला आले, तेव्हा आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी विचारलं होतं, “बंगळुरूचं बसलेलं बस्तान मोडून आलीस कशाला?” मी लिहिलं, “आईचं वय झालंय, तिच्या जवळ राहावं म्हणून.” खाली रांगेने अंगठे आणि जोडलेले हात आले. एका मैत्रिणीने तर ‘याला म्हणतात संस्कार’ असं लिहिलं. मी गप्प बसले. ते उत्तर खोटं नव्हतं, पण अर्धंच होतं. उरलेलं अर्धं आज सांगते.

त्याची सुरुवात आपल्या शाळेतच आहे. १९९३च्या डिसेंबरात आठवीची सहल अंजनेरीला गेली होती. त्र्यंबक रस्त्यावर फाट्याला उतरून आपण चालत निघालो. गडाच्या पायऱ्या यायच्या आधीच मला धाप लागली. मी तेव्हा कशी होते ते तुम्हाला माहीत आहे. पी.टी.च्या तासालाच नेमकं पोट दुखणारी. मुलं म्हणाली, “सर, हिला इथेच बसवा, येताना घेऊ.” आपले पी.टी.चे सर म्हणाले, “हिला पुढे घ्या. सगळ्यात हळू चालणारा रांगेत पुढे. म्हणजे रांग तुटत नाही.”

सर, तुम्ही आज पहिल्या रांगेत बसला आहात. तुम्हाला हे आठवत नसेल. तुमच्यासाठी ती नेहमीची सूचना होती. पण त्या दिवशी आख्खा वर्ग कुरकुरत का होईना, माझ्या चालीने वर चढला. पठारावर पोचलो, समोर ब्रह्मगिरी दिसला, वाऱ्याने वेणीच्या रिबिनी सुटल्या, आणि मला डोंगर लागला. लोकांना तंबाखू लागते तसा. पुढे इंजिनिअरिंगला असताना हरिहर झाला, रतनगड झाला, हरिश्चंद्रगड झाला, कळसूबाई तर कितीदा झाली याची मोजदाद नाही. पेपर अवघड गेला की मी रविवारी डोंगर शोधायचे.

मग २००५ मध्ये नोकरीसाठी बंगळुरू आणि २००६ मध्ये लग्न. नवरा मूळचा सोलापूरचा, म्हणजे चढ दिसला की जरा विचारात पडणारा. त्याचं काम चिप्सचं. नवीन चिपचा पहिला नमुना कारखान्यातून आला की ती बोर्डावर बसवायची, तिला वीज द्यायची आणि ती सांगितलं तसं वागते का ते तपासायचं. दोन-दोन वर्षं शेकडो लोकांनी कागदावर आणि कॉम्प्युटरवर केलेलं काम त्या लॅबमध्ये पहिल्यांदा जिवंत होतं, किंवा होत नाही. एकदा पहाटे चार वाजता घरी येऊन त्याने मला हलवून उठवलं आणि म्हणाला, “उठली!” मी म्हटलं, उठवलंस म्हणून उठले. तो म्हणाला, “तू नाही गं, चिप!” बाळंतपण पार पडल्यावर बापाचा असतो तसा त्याचा चेहरा होता.

आता अडचण बघा. या कामाचा मोठा जमाव बंगळुरूत आहे, त्याखालोखाल हैदराबाद आणि नोएडा. पुण्यात तशा लॅबच्या जागा फार थोड्या, नाशकात नाहीतच. आणि माझा सह्याद्री तिथून हलत नाही. बंगळुरू ते पुणे साधारण ८४० किलोमीटर. शुक्रवारी संध्याकाळी बसमध्ये बसायचं, शनिवारी सकाळी पुण्यात उतरायचं, एखादा किल्ला करायचा, रविवारी दुपारी परतीची बस आणि सोमवारी सकाळी तशीच ऑफिसात. हे मी काही वर्षं केलं. २०१० मध्ये मुलगी झाली आणि ते बंद पडलं. मग वर्षातून दोनदा-तीनदा आईकडे नाशकाला जायचं आणि तिथून एक दिवस चोरायचा, एवढंच उरलं.

बंगळुरूच्या आसपास डोंगर नाहीत असं नाही. ‘शोले’ जिथे झाला ते रामनगर पन्नास किलोमीटरवर आहे. सावनदुर्ग आहे, नंदी हिल्स आहे. ऑफिसातली मंडळी मला हौसेने सावनदुर्गला घेऊन गेली, तर मी नाक मुरडून म्हणाले, “हा काय डोंगर? हा तर एकच दगड!” खरोखर तो एकच दगड आहे, आशियातल्या सगळ्यात मोठ्या एकसंध शिळांमध्ये त्याची गणना होते. पण माझा सूर कौतुकाचा नव्हता. हे वाक्य लक्षात ठेवा, त्याची किंमत मी नंतर मोजली.

२०२० मध्ये टाळेबंदी आली. माझं काम रातोरात लॅपटॉपमध्ये मावलं. त्याचं मावेना. ऑसिलोस्कोप काही पाठीवरच्या पिशवीत जात नाही. मी म्हणायला लागले, “आता आपण नाशकाला राहू शकतो.” तो म्हणायला लागला, “तू राहू शकतेस.” या दोन वाक्यांत वर्षभर आमच्या घरातली हवा बिघडली. भांडण झालं असतं तर बरं, पण आम्ही दोघंही समजूतदार. आम्ही एक्सेल उघडलं.

शहरं आडवी, मुद्दे उभे, प्रत्येकाला गुण. मी ‘आई’ या मुद्द्याला तीस गुण दिले, त्याने ‘मुलीची शाळा’ याला तीस दिले. ‘डोंगर’ हा मुद्दा मीच पाच गुणांवर ठेवला, उगाच हावरट दिसू नये म्हणून. त्याने ‘लॅब’ला पाच दिले, त्याच कारणाने. मग मी रात्री आईचे गुण वाढवायचे, तो सकाळी शाळेचे वाढवायचा. ज्याने शेवटची एक्सेल सेव्ह केली त्याचं शहर जिंकायचं.

२०२१च्या दिवाळीला नाशकाला निघायची तयारी चालू होती. मुलगी अकरा वर्षांची. मी बॅग भरतेय हे ती बघत होती. तिने विचारलं, “आई, आजी तर दुसऱ्या मजल्यावर राहते. तिच्याकडे जायला हे बूट कशाला?”

माझ्या हातात ट्रेकिंगचे बूट होते. नवरा समोर बसला होता. तो हसला असता तर मी चिडून वेळ मारून नेली असती. तो हसला नाही, नुसता माझ्याकडे बघत राहिला.

नाशकात पोचल्यावर मी आईला सगळा बेत सांगितला, तुझ्यासाठी येतोय म्हणून. माझी आई चाळीस वर्षं हिशेब ठेवत आलेली बाई. ती म्हणाली, “माझ्या नावावर पावती फाडू नकोस. माझी भिशी आहे, भजन आहे, घराची एक किल्ली शेजारच्या वहिनींकडे असते. तुम्ही आलात तर मला आनंदच आहे. पण उद्या जावईबापूंचं तिकडे काही बिनसलं, तर ते म्हणतील सासूबाईंपायी झालं. तुला डोंगरात जायचंय ना? मग तसं सांग की. लाज कसली वाटते?”

लाजच वाटत होती. नवऱ्याच्या बदलीसाठी घर हललेलं आपण सगळ्यांनी पाहिलंय. मुलांच्या क्लाससाठी, सासू-सासऱ्यांच्या आजारपणासाठी घरं हलतात. बाईला डोंगर आवडतो म्हणून घर हललेलं मी तरी कुठे ऐकलं नव्हतं. आवड हे आपल्याकडे कारण धरतच नाहीत, तो फावल्या वेळातला प्रकार. म्हणून मी आईला पुढे केलं. पुढे केलं म्हणजे तिच्याआड लपले.

परत जाताना गाडीत, साताऱ्याच्या पुढे, मुलगी मागच्या सीटवर झोपली. मी म्हटलं, “आई हे अर्धंच कारण आहे. मला डोंगर पाहिजे. मी एकेचाळीस वर्षांची आहे, उतरताना गुडघा आत्ताच बोलतो. चढायची माझी किती वर्षं राहिलीत?” बराच वेळ तो नुसता गाडी चालवत होता. मग म्हणाला, “शाळेचं माझंही तसंच. शाळा काय, कुठेही चांगली मिळेल. मला लॅब सोडायची भीती वाटते. ती सोडली तर मी नक्की कोण, ते मला माहीत नाही.” लग्नाला पंधरा वर्षं झाली होती आणि आम्ही हे एकमेकांना पहिल्यांदा सांगत होतो. कराडला चहाला थांबलो तेव्हा दोघांनाही फार काही बोलवत नव्हतं, पण हलकं वाटत होतं.

तिथे मला सरांची रांग आठवली. आमच्यात सगळ्यात हळू हलणारी गोष्ट कोणती? त्याचं काम. मग तेच पुढे. आम्ही शहरांपासून सुरुवात न करता त्याला कुठे काय काम मिळू शकतं याची यादी आधी केली. नाशिकवर काट मीच मारली. स्वतःच्या गावावर काट मारताना पेन जरा अडलं, पण मारली. पुण्यात त्याला एका ठिकाणी जागा मिळाली. काम चिपचंच, पण ती बनायच्या आधी कॉम्प्युटरवर तपासायचं. पगार थोडा कमी, हाताखाली टीम नाही आणि लॅब नाही.

निघण्यापूर्वी आम्ही वहीच्या कागदावर तीन अटी लिहिल्या. पुण्यात घर भाड्याचंच घ्यायचं आणि बंगळुरूचा फ्लॅट विकायचा नाही. दोन वर्षांनी बसून पुन्हा बोलायचं. आणि बोलताना आईचं किंवा मुलीचं नाव मध्ये आणायचं नाही, ज्याने त्याने स्वतःचंच सांगायचं. चौथी अट मुलीने घातली, “मला जबरदस्तीने ट्रेकला न्यायचं नाही.” तीही मंजूर झाली.

आता जमाखर्च. मी महिन्यातले निदान दोन रविवार डोंगरात असते. सिंहगड पहाटे, राजगड-तोरणा जमेल तेव्हा. आईकडे जाणं वाढलंय, आणि आता बूट घेऊनच जाते, उघडपणे. ही जमेची बाजू.

खर्चाची बाजू अशी. २०२३ मध्ये एका रात्री नवऱ्याच्या जुन्या टीमने फोटो पाठवला. नवी चिप चालू झाली होती, सगळे लॅबमध्ये हात वर करून उभे होते. तो फोन घेऊन बाल्कनीत जाऊन बसला. ‘पण इथली हवा किती छान आहे’ हे वाक्य माझ्या तोंडाशी आलं होतं. मी ते गिळलं आणि शेजारी जाऊन बसले. त्याचं नुकसान माझ्या फायद्याने भरून निघत नाही. ते त्याचं आहे आणि ते मला दिसलं पाहिजे, एवढंच माझ्या हातात आहे.

आणि एक माझं स्वतःचं. बंगळुरू सोडायच्या आधी शेवटचे काही महिने मी रामनगरला प्रस्तरारोहण शिकायला गेले. आपला सह्याद्री बसाल्टचा, थरावर थर. त्यात बोटांना धरायला कपारी सापडतात. तिथला ग्रॅनाइट गुळगुळीत. धरायला काही नसतं, पाय टेकवून बुटाच्या तळव्यावर विश्वास ठेवून उभं राहायचं. मला ते इतकं आवडलं की रडू आलं. सोळा वर्षं मी या दगडांपासून पन्नास किलोमीटरवर राहत होते आणि त्यांच्याकडे नीट पाहिलं नव्हतं. पाहिलं असतं आणि आवडलं असतं, तर माझी बाजू कमकुवत झाली असती ना!

२०२४च्या जूनमध्ये ठरल्याप्रमाणे आम्ही बसलो. तो म्हणाला, “मुलीची बारावी होईपर्यंत इथेच राहू. २०२८ला पाळी माझी. तेव्हा मी बोलेन आणि तू ऐकशील.” मी हो म्हटलं. मुलगी यंदा दहावीला आहे, म्हणजे फार दिवस उरले नाहीत. मला भीती वाटते का? वाटते. तेव्हा माझे गुडघे सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीसचे असतील. पण मी सावनदुर्गच्या वाटांची माहिती आतापासून जमवायला लागले आहे. एकच दगड असला तरी मोठा आहे.

आपण सगळेच आता अशा वयात आहोत की कुणी गावाकडे परतायचा विचार करतंय, कुणी मुलांच्या मागे परदेशी जायचा. मी कुणाला सल्ला देणार नाही, आमचंच अजून पूर्ण ठरलेलं नाही. एक विनंती मात्र आहे. पुढच्या वेळी ग्रुपवर कुणी ‘आईसाठी आलो’ असं लिहिलं, तर अंगठा जरूर द्या, पण बॅगेत बूट आहेत का तेही विचारा.

उद्या सकाळी सहाला शाळेच्या फाटकातून आपण अंजनेरीला निघतोय. सर गाडीने पायथ्यापर्यंत येणार आहेत. माझा नवरा आलाय, तो तिकडे मागे दाराशी उभा आहे. चढावर तो आपल्या सगळ्यांत हळू आहे. तेव्हा उद्या रांगेत पुढे कोण, हे सरांना विचारायची गरज नाही.