अंड्याची वळी आणि हाताची परीक्षा

(वर्धापनदिनी विहाराच्या सभागृहात झालेले भाषण)



जपान म्हटले की आपल्या वस्तीत पहिले नाव निघते ते नागपूरच्या भदंत सुरेई ससाई यांचे. तो विषय मोठा, आणि त्यावर बोलणारे आमच्यापेक्षा जाणकार येथे बसले आहेत. आम्ही आज जपानच्या स्वयंपाकघरात शिरणार आहोत. विषय आहे आम्लेट. हसू नका. या अंड्यापायी एक जाणता कारागीर रडला होता, आणि याच अंड्यावरून बाईच्या हाताचा प्रश्न उभा राहतो.

त्या देशात अंडे पूर्वीपासून सर्रास खात नव्हते बरे का. इ.स. ६७५ मध्ये सम्राट तेम्मू यांनी बौद्ध विचाराच्या प्रभावाने गाय, घोडा, कुत्रा, माकड आणि कोंबडी यांचे मांस खाण्यावर बंदी घातली. अंडीही लोक पुढे कित्येक शतके टाळत. सतराव्या शतकापासून ती ताटात येऊ लागली, आणि १७८५ साली निघालेल्या एका पाककृतींच्या पुस्तकात तर नुसत्या अंड्याच्या शंभराहून अधिक कृती आहेत.

आता मूळ पदार्थ. त्याचे नाव तामागोयाकी. तामागो म्हणजे अंडे, याकी म्हणजे भाजलेले. आपण आम्लेट एकदा पसरतो, उलटतो, झाले. तेथे ते थरावर थर देऊन गुंडाळतात. भांडे चौकोनी असते, चांगल्या कारागिराचे तांब्याचे, आतून कल्हई केलेले. तांबे लवकर आणि सगळीकडे सारखे तापते. अंडी फेसायची नाहीत. काड्यांनी पांढरा बलक कापल्यासारखा मोडायचा आणि मिश्रण गाळून घ्यायचे. फेस झाला की हवा शिरते आणि थरात भोके पडतात. त्यात साखर, थोडा सोया सॉस आणि दाशी नावाचे पाणी घालतात. दाशी म्हणजे कोंबू हे समुद्रातले शेवाळ आणि धुरी देऊन लाकडासारखा कडक सुकवलेल्या माशाचा कीस यांचा अर्क. तोक्योकडची वळी गोड आणि वरून जरा तांबूस. क्योतो-ओसाकाकडे साखर कमी, दाशी जास्त, आणि रंग पिवळाच राहिला पाहिजे. दाशी जितकी जास्त तितकी वळी नाजूक, गुंडाळताना फाटणारी.

भांड्याला तेलाचा बोळा फिरवायचा, काडीने थेंब टाकून चुर्र आवाज येतो का ते ऐकायचे, मग पातळ थर ओतायचा. फुगे आले की फोडायचे. वरचा भाग अजून ओला आहे तोवरच पलीकडून आपल्याकडे गुंडाळत आणायचे. ती गुंडाळी पुन्हा पलीकडे सारायची, तेल लावायचे, दुसरा थर ओतायचा आणि गुंडाळी किंचित उचलून तिच्याखाली अंडे जाऊ द्यायचे. असे चार-पाच वेळा. थर पूर्ण सुकला तर पुढचा त्याला चिकटत नाही. साखर असल्याने जाळ जरा वाढला की करपते. ज्या भगिनी धिरडी घालतात त्यांना तव्याची ही भाषा सांगायला नको. शेवटी बांबूच्या चटईत दाबून आकार देतात.

सुशीच्या दुकानात मासा महाग, अंडे स्वस्त. तरी दर्दी गिऱ्हाईक अंड्याचा घास खाऊन दुकानाची पारख करते असे म्हणतात. आम्हाला ते पटते. उत्तम मासा बाजारातून आणता येतो, अंड्यात मात्र कारागिराचा हातच उतरतो.

जिरो ओनो हे १९२५ साली जन्मलेले तोक्योचे नामांकित सुशी कारागीर. त्यांच्यावर डेव्हिड गेल्ब यांनी २०११ साली माहितीपट काढला. त्यात दाइसुके नाकाझावा हा शिष्य आपली कथा सांगतो. जिरोंच्या दुकानातले अंडे गुंडाळीचे नव्हे. कोळंबी आणि किसलेला डोंगरी कंद घालून मंद आचेवर भाजलेले, केकसारखे जाड. पण परीक्षा तीच. दहा वर्षे राबल्यावर अंड्याला हात लावायला मिळतो. नाकाझावांची दोनशेहून अधिक अंडी नापास झाली. अखेर एक पास झाले तेव्हा ते रडले. कसलेल्या कारागिराला तिकडे ‘शोकुनिन’ म्हणतात. ते नाव गुरूच्या तोंडून ऐकायला त्यांना पुढेही थांबावे लागले. २०१३ साली नाकाझावांनी न्यूयॉर्कला स्वतःच्या नावाचे दुकान थाटले.

ही गोष्ट ऐकून आम्ही भारावलो, नाही म्हणत नाही. दोनशे वेळा तेच काम करणे सोपे नाही. पण बंधु-भगिनींनो, हाताला वळण लागायला दहा वर्षे लागणे वेगळे आणि दहा वर्षे हातच लावू न देणे वेगळे. विद्या रोखून धरणे काय असते हे आपल्याला कोणी शिकवायला नको. जपानातही हा वाद झाला. २०१५ साली ताकाफुमी होरिए या उद्योजकाने वर्षानुवर्षांची ही उमेदवारी मूर्खपणाची आहे असे उघड म्हटले, आणि फार मोठी खळबळ उडाली. तिकडे आता काही महिन्यांत सुशी शिकवणाऱ्या शाळा आहेत. आमचे मत विचाराल तर शाळा हवी, आणि दोनशे अंडीही हवीत. पण ती पहिल्या वर्षापासून करू द्यावीत.

दुसरी गोष्ट जास्त बोचते. जपानात घरोघरी मुलांच्या डब्यासाठी सकाळी ही वळी बहुतेक आईच करते. पण सुशीच्या दुकानात बाई नको! कारण काय, तर म्हणे बाईचा हात गरम असतो, मासा बिघडतो. जिरोंचे थोरले चिरंजीव योशिकाझू यांनी २०११ साली एका अमेरिकन वृत्तपत्राला सांगितले की मासिक पाळीमुळे बायकांची चव स्थिर राहत नाही. ऐकताना ओळखीचे वाटले ना? आपल्याकडे त्याला विटाळ म्हणत, तिकडे चवीचे नाव दिले. याला उत्तर म्हणून म्हणा, २०१० सालीच तोक्योच्या अकिहाबारा भागात ‘नादेशिको सुशी’ हे दुकान निघाले होते. तेथे सुशी करणाऱ्या सगळ्या स्त्रियाच.

ज्यांना घरी करून पाहायचे आहे त्यांनी चार अंडी, तीन मोठे चमचे पाणी, एक चमचा साखर आणि चिमूटभर मीठ घ्यावे. दाशी नसली तरी चालते. लहान नॉनस्टिक तवा गोल असला तरी हरकत नाही, कडा कापून टाकता येतात. आच मध्यम ठेवा, आणि वरचा भाग ओला असतानाच गुंडाळा. पहिली फाटेल. ती मुलांना द्या आणि दुसरी लावा.