उन्हाळ्यातला रानमेवा आणि नागली : घरच्या चुलीवरचे सोपे पदार्थ



आज मी खता-बियाण्याविषयी बोलणार नाही. आज बोलायचे आहे ते चुलीविषयी. पुरुष मंडळींनी 'हा बायकांचा विषय' म्हणून रेडिओ बंद करू नये. कणगीतली नागली विकायची की ठेवायची, हे बहुतेक घरांत तुम्हीच ठरवता ना?

जव्हार-मोखाड्याच्या डोंगरात पाऊस धो धो पडतो, पण एप्रिल-मे उजाडला की विहिरी तळ गाठतात आणि कित्येक पाड्यांवर टँकरची वाट बघावी लागते. वीटभट्टीवर गेलेली कुटुंबे याच सुमारास परततात. घरातले धान्य संपत आलेले असते. पुढे आषाढ-श्रावणात लावणीचे काम दांडगे आणि खायला कमी. लेकरे खंगतात ती याच दिवसांत. १९९२-९३ साली वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी सारे राज्य हादरले होते. ते आपण विसरता कामा नये.

गेल्या उन्हाळ्यात मी एका पाड्यावर गेलो होतो. बांधावर रायवळ आंब्याखाली कैऱ्यांचा सडा पडलेला, दारात शेवगा हिरवागार, आणि ओट्यावर लेकरू मिठासंगे कोरडा भात खात होते. घरातली आजी म्हणाली, "साहेब, आमच्या येळी उन्हाळ्यात आंबील असायची. आता पोरं बिस्किटं मागतात." मी पदवीच्या अभ्यासात नागलीची लागवड शिकलो, पण आंबील शिकलो ती त्या आजीकडून. तीच आज पहिल्यांदा सांगतो.

१. नागलीची आंबील : एक वाटी नागलीचे पीठ दोन वाट्या पाण्यात कालवून मातीच्या मडक्यात रात्रभर झाकून ठेवा. सकाळी आंबूस वास येतो. पाच वाट्या पाणी उकळून त्यात हे पीठ हळूहळू ओता आणि गुठळी होऊ न देता दहा मिनिटे शिजवा. मीठ घाला. निवल्यावर ताक असेल तर ताक, नसेल तर कैरीचा कीस आणि कांदा घालून प्या. शंभर ग्रॅम नागलीत सुमारे ३४० मिलिग्रॅम कॅल्शियम असते, तांदळात त्या मानाने अगदीच थोडे. हाडांना ते लागते. आंबील त्याच दिवशी संपवावी.

२. कैरीचे पन्हे : स्वयंपाक झाल्यावर उरलेल्या निखाऱ्यांत दोन कैऱ्या भाजा. वेगळे सरपण लागत नाही. साल काढून गर कोळा, त्यात गूळ, मीठ, असल्यास चिमूटभर जिरे आणि चार-पाच पेले उकळून गार केलेले पाणी घाला. उन्हात काम करताना घामावाटे पाणी आणि मीठ दोन्ही जाते, नुसत्या पाण्याने ते भरून येत नाही. आंबट पदार्थ ॲल्युमिनियमच्या भांड्यात ठेवू नका.

३. शेवग्याच्या पाल्याची भाजी : कोवळा पाला धुऊन घ्या. मूठभर तूर किंवा उडदाची डाळ आधी भिजवून शिजवा. थोड्या तेलात लसूण-मिरची परतून पाला आणि डाळ घाला. शेवटी कैरीच्या चार फोडी टाका. पाल्यात लोह असते, आणि कैरीच्या आंबटपणासोबत ते अंगी जास्त लागते. अंगात रक्त कमी असलेल्या बायांनी ही भाजी आठवड्यातून तीन-चार वेळा खावी.

४. मोहफुलांचे लाडू : पहाटे पडलेली स्वच्छ फुले वेचा, आतले केसर काढा आणि कडकडीत वाळवा. ओल राहिली तर बुरशी येते. दोन वाट्या फुले मंद आचेवर भाजा. एक वाटी भाजलेले शेंगदाणे आणि अर्धी वाटी भाजलेली खुरासणी घालून उखळात कुटा व लाडू वळा. मोह मुळातच गोड, गूळ लागत नाही. मोह म्हटले की लोकांना दारूच आठवते. अहो, तीच फुले लेकराच्या हातात लाडू म्हणून द्या!

५. मोडाच्या नागलीचे सत्त्व : निवडलेली नागली रात्रभर भिजवा, मग ओल्या फडक्यात बांधून एक-दोन दिवस मोड येऊ द्या. उन्हात वाळवा, मोड चोळून पाखडा, हलके भाजून दळा. मोड आलेल्या पिठाची पेज पातळ राहते. त्यामुळे तेवढ्याच वाटीत जास्त पीठ घालता येते आणि लहान पोटात जास्त अन्न जाते. सहा महिन्यांपुढच्या बाळाला ही पेज थोडे तेल आणि गूळ घालून द्या. त्याआधी मात्र फक्त आईचे दूध.

आता पावसाळ्याची बेगमी. कैरीच्या फोडी वाळवून आंबोशी करा. शेवग्याचा पाला सावलीत वाळवून चुरा डब्यात भरा आणि रोज डाळीत एक चमचा टाका. फणसाच्या आठळ्या फेकू नका, धुऊन वाळवून ठेवा आणि उकडून किंवा भाजून खा. करवंदे बाजारात जरूर विका, पण पहिली ओंजळ घरच्या पोरांची.

गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायांसाठी अंगणवाडीत २०१५ पासून अमृत आहार योजना आहे. ते ताजे जेवण चुकवू नका. पण पदरी पडलेले एक जेवण म्हणजे दिवसभराचे जेवण नव्हे. बाकीचे घरच्या चुलीवरच शिजायचे आहे.

शेवटी पुरुष मंडळींना एकच विनंती. व्यापारी दारात आला की सगळी नागली मापून देऊ नका. आधी बियाणे बाजूला काढा, मग आषाढ-श्रावणातल्या रोजच्या आंबिलीपुरती नागली काढा, आणि उरेल ती विका. त्या पैशातून पुन्हा विकत घ्याल ते धान्य महागच पडणार.

हे पत्रक चुलीजवळच्या भिंतीला लावा. ज्यांना वाचता येत नाही त्यांना वाचून दाखवा. आणि तुमच्या आजीला याहून चांगला पदार्थ येत असेल, तर पुढच्या फेरीला मला जरूर सांगा. रामराम!